खवली, दीप्ती आणि माझी ओढणी

जोगेश्वरी पूर्व,
रविवार

ती. मालनआत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात बसल्या जागी हात जोडले आहेत. साष्टांग घालायचा तर पाळणा सरकवावा लागतो आणि पाळणा सरकवला की बाळ उठतं. खोटं लिहायचं नाही असं तूच शिकवलंस, म्हणून हा खुलासा.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं लिहिणार होते, पण तुझ्याकडे जिना नाही हे आठवलं, तेव्हा घरापुढच्या खळ्याच्या पायऱ्या तरी सावकाश उतर. वानरांनी यंदा तुझ्यासाठी नारळ ठेवले का? मोत्याचा कान बरा झाला, की अजून तो पाहुण्यांवर भुंकायचं सोडून कानच खाजवत बसतो? इकडे सगळे खुशाल आहेत. तुझा भाऊ, म्हणजे बाबा, आपण साखर सोडली असं सगळ्यांना सांगतात आणि बाळ बघायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे "चांगले आहेत ना, बघतो" म्हणून एकेक तपासतात. आई बाळाच्या अंघोळीत आणि वहिनीच्या डिंकाच्या लाडवांत बुडालेली आहे. दादाची विमानतळावरची पाळी सारखी बदलते, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेला असतो. मी बरी आहे. म्हणजे तशी बरी आहे.

फोन का केला नाही असं तू विचारशील. फोनवर मी "हो", "बरं" आणि "ठेवते" एवढंच बोलते अशी तुझीच तक्रार आहे. फोन वाजला की माझ्या पोटात काय होतं ते तुला माहीत आहे, आणि समोर तूच आहेस हे नावावरून दिसत असलं तरीही होतं. (राग मानू नकोस. ते तुझ्याबद्दल नसून वाजण्याबद्दल आहे.) शिवाय हे पत्र लिहायला एक लहानसं कारणही आहे. ते शेवटी लिहीन. वहिनी दोनदा आठवण करून गेली आहे, त्यामुळे विसरायची सोय नाही.

बाळ छान आहे. गोरं की सावळं असं येणाऱ्या बायका विचारतात, मी सांगते की अजून लाल आहे. नाक आपल्याकडचं आहे. (वहिनीच्या माहेरची माणसं म्हणतात त्यांच्याकडचं आहे. मी दोन्हीकडची नाकं नीट पाहून ठेवली होती. आपलंच आहे.) पण मला मुख्य लिहायचं आहे ते अनयबद्दल. तो आता साडेचार वर्षांचा झाला. कोणी दारात आलं की तो माझ्या ओढणीत शिरतो हे तू गणपतीत पाहिलंस. माझ्या ओढणीत, आईच्या नाही, आजीच्याही नाही. म्हणून मी घरात गाऊन घातला तरी वरून ओढणी घेते. आई म्हणते, देवळात निघालीस का. पण ओढणी ही माझ्यासाठी नसतेच. आपल्या घरात भ्यायलेल्या माणसाने आत्याच्या कपड्यात लपायचं ही रीतच आहे. मी नाही का तुझ्या पदरात लपायचे? शाळेच्या फाटकाशी पोचलं की मला उलटी व्हायची, म्हणून तू मला सात वर्षांची होईपर्यंत ओट्याशी बसवून शिकवलंस. हळदीचा ह, मिठाचा म, जिऱ्याचा ज. (अजून मला ज लिहिताना फोडणीचा वास येतो.) आणि मग थेट दुसरीत नेऊन बसवलंस, तेव्हाही तू बाहेर व्हरांड्यात अशी उभी राहायचीस की तुझ्या पदराचं टोक मला खिडकीच्या गजांतून दिसावं. पुढे केव्हातरी लक्षात आलं की तू घरी निघून गेली आहेस आणि गजाला नुसतं जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं आहे. पण तोवर मला वजाबाकी येऊ लागली होती.

तर बाळ घरी आलं आणि अनयची पार वाट लागली. बोलणारा मुलगा रांगायला लागला. दुधाला बाटली मागू लागला. बाळाला परत दवाखान्यात कधी द्यायचं, हे त्याने दादाला इतक्या शांतपणे विचारलं की दादा झोपेतच "उद्या" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी अनय बाळाचं टोपडं आणि लंगोट पिशवीत भरून दाराशी बसला. त्यातून येणारी माणसं. समोरच्या वनमालाकाकू तुला आठवत असतील. (चाळ पाडून ही इमारत झाली तेव्हा आम्ही सातव्या मजल्यावर आलो आणि त्याही नेमक्या सातव्याच मजल्यावर आल्या.) त्या आल्या, बाळाच्या हातात नोट दिली आणि अनयला म्हणाल्या, "काय रे, आता तुझा भाव संपला. आता तुला कोण विचारणार?" सगळ्या बायका हसल्या. असं म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, कोणी वाईट मनाने म्हणत नाही, हे मला कळतं. पण अनय धावत येऊन माझ्या ओढणीत असा गुरफटला की ओढणीचा फास माझ्या गळ्याला बसला, आणि काकूंना चहा विचारायचा होता तो मी नुसत्या डोळ्यांनी विचारला.

मला श्वास येत नव्हता, आत्या, आणि मी सुखात होते. हे मी फक्त तुला लिहिते आहे.

आता दीप्तीबद्दल. दीप्ती म्हणजे वहिनीची धाकटी बहीण, मुलुंडची. लग्नात तू तिला पाहिलं आहेस, बारीक केसांची, जिने तुझ्याकडून सोलकढीची कृती विचारून घेतली ती. माझ्याच वयाची आहे. तिच्याबद्दल मला काहीही वाटत नाही, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको. ती लहान मुलांच्या एका वाचनालयात काम करते आणि शाळाशाळांतून गोष्टी वाचून दाखवते. तिला वॉचमनची भीती वाटत नाही. ती अनोळखी माणसाला थांबवून पत्ता विचारते. बोंबील खाताना तिच्या ताटात काटा असा सरळ एका बाजूला निघतो, जणू माशानेच काढून दिला. जेवताना दुसऱ्यांदा भात मागते. आई तिला म्हणते, "खा गं बाई, जेवणारं माणूस बघून बरं वाटतं," आणि माझ्याकडे बघते.

तर ही दीप्ती बाळंतविडा न आणता पाठीवरच्या पिशवीतून चित्रांची पुस्तकं घेऊन आली. म्हणाली, बाळाला सगळेच काही ना काही आणतात, मी अनयसाठी आणलं. (मला हे का सुचलं नाही? मी बाळासाठी झबली आणली. चार.) एका पुस्तकात माकडाच्या पिल्लाला भाऊ होतो आणि ते झाडावरून उतरायलाच तयार होत नाही. दुसऱ्यात एक मुलगी वाढदिवसाला जाते आणि केक कापून होईपर्यंत चपलांच्या ढिगाजवळ बसून राहते. (ते पुस्तक मी पुरतं वाचू शकले नाही. चपलांचं चित्र फार हुबेहूब होतं.) आणि तिसरं ते. त्यात खवली नावाचं खवले मांजराचं पिल्लू आहे. घरी पाहुणे आले की ते अंगाचं वेटोळं करतं. कोणी टिचकी मारतं, कोणी ढकलतं, तसं ते अजूनच घट्ट होतं. मग खवलीची आजी सांगते की वेटोळं करायला काही हरकत नाही, ते तुझंच आहे, केव्हाही परत करता येईल. पण आतून आधी एक डोळा उघडून बघ. मग नाक बाहेर काढ. मग एकच शब्द बोल.

दीप्ती फरशीवर मांडी घालून बसली आणि कोणाकडेही न बघता, जणू स्वतःसाठीच, वाचू लागली. ये रे बाळा नाही, काही नाही. अनय माझ्या ओढणीत होता. चौथ्या पानाला ओढणी हलली. टिचकी मारणारा पाहुणा आला तेव्हा ओढणीतून डोकं बाहेर आलं. आणि आजीच्या पानावर तो उठून चालत गेला, दीप्तीच्या गुडघ्याला टेकून बसला आणि म्हणाला, "परत." मी स्वयंपाकघराच्या दारात रिकामी ओढणी घेऊन उभी. आई म्हणाली, उभी काय आहेस, कांदा चिर. मी कांदा चिरला. ते बरं झालं.

त्या आठवड्यात मी त्या पुस्तकाची शहानिशा केली. तू लहानपणी म्हणायचीस ना, लिहिलेलं सगळं खरं नसतं, तपासून घ्यावं. खवले मांजर मुंग्या खातं, एकटं राहतं आणि त्याच्याकडे पाहुणे कधीच येत नाहीत. खवले मांजराला आजीही भेटत नाही. तू ते गोठ्यामागे प्रत्यक्ष पाहिलं आहेस, तुझी साक्ष काढता येईल. हे सगळं मी दीप्तीला अगदी सौम्यपणे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, भारी. हे शेवटच्या पानावर टाकायला हवं होतं. तुझ्या आत्याने कधी पाहिलं? सांग ना." आणि मग मला तुझी ती सगळी गोष्ट तिला सांगावी लागली, आणि अनयही ऐकत बसला, तिच्या मांडीवर. भांडायला आलेल्या माणसाला बसायला पाट देण्याची ही तिची सवय मला मुळीच आवडत नाही.

मग मी स्वतः पुस्तक करायचं ठरवलं. (हसू नकोस.) स्टेशनजवळून जाड कागद आणि खडू आणले. नाव, 'अनय आणि आत्तूची ओढणी'. माणसं मला काढता येत नाहीत, म्हणून मुलाला पहिल्याच पानावर ओढणीत घातला, म्हणजे पुढे फक्त ओढणी काढायची. ओढणी चांगली आली, बांधणीचे ठिपके एकेक करून काढले. पाहुणे येतात, मुलगा ओढणीत. कुत्रा भुंकतो, मुलगा ओढणीत. काकू बोलतात, मुलगा ओढणीत. शेवटच्या पानावर दोघं, म्हणजे ओढणी आणि तिच्यातला फुगवटा, सुखाने राहतात. मी दीप्तीसारखी फरशीवर बसले, तिच्यासारखं कोणाकडेही न बघता वाचलं. अनयने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "आत्तू, हा बाहेर कधी येतो?" मी म्हटलं, येत नाही, त्याला आतच बरं वाटतं. तो म्हणाला, "मग सू कुठे करतो?" मी म्हटलं, ते पुस्तकात दाखवत नाहीत. त्याने पानं पुन्हा उलटून पाहिली आणि म्हणाला, "आणि आतून याला दिसतं काय?" आत्या, मी अंधेरीच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते, आजवर एकाचं नाव दुसऱ्याच्या नळीला गेलेलं नाही, मी इतकी नीट बघणारी मुलगी आहे. पण आठ पानं रंगवून होईपर्यंत मुलाला आतून काय दिसतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, ठिपके दिसतात. तो "बरं" म्हणाला आणि खवली घेऊन आला.

मी स्वतःची अशी समजूत घातली की मांडी गेली, गोष्टी गेल्या, दुसऱ्यांदा वाढलेला भात गेला, तरी एक गोष्ट दीप्तीला मिळू शकत नाही. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. मावशीने नाही. हे कोणत्याही वाचनालयात बदलता येत नाही. नाव वहिनीने आणि दादाने ठरवलं होतं, इरावती, पण ते बाळाच्या कानात आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं मीच. 'सगळ्यांसमोर' हा शब्द मला तेव्हा नीट वाचता आला नव्हता. सव्वा महिन्याने, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, दोन्हीकडची माणसं आणि सातही मजल्यांवरच्या बायका, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर, असं चित्र उभं राहिलं तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. वहिनीने ते पाहिलं. ती चांगली आहे, तिने चांगल्या मनानेच म्हटलं, "श्रुतिका, तुला त्रास होणार असेल तर दीप्ती करेल गं. हल्ली कोणीही केलं तरी चालतं." मी म्हटलं, आत्या ती आत्या. इतक्या जोरात म्हटलं की बाळ उठलं, दादाही उठला आणि कामाला निघाला, तेव्हा आईने त्याला सांगितलं की आज तुझी सुट्टी आहे.

मग मी सराव सुरू केला. गच्चीवर टाकीच्या मागे, जिथे आई पापड वाळत घालते, तिथे जाऊन मी पापडांना सांगायचे, बाळाचं नाव इरावती. पापडांसमोर जमत होतं. पापडांच्या जागी वनमालाकाकूंना बसवलं की घसा बंद. शेवटी एक दिवस (हे वाक्य मी तीनदा खोडलं आहे) मी ओढणीखाली लपवून खवली वर घेऊन गेले. आणि वेटोळ्याच्या पानावर असताना समोर पाय दिसले. अनय त्याच्या आजीबरोबर पापड उलटायला आला होता. मला वाटलं तो म्हणेल, माझं पुस्तक दे. त्याने म्हटलं नाही. तो शेजारी बसला, माझ्या हातात पुस्तक तसंच राहू दिलं आणि विचारलं, "तुला पण होतं?" मी म्हटलं, होतं. "पोटात?" मी म्हटलं, पोटात, आणि घशात. त्याने जरा विचार केला आणि दीप्तीच्या आवाजात मला सगळं शिकवलं. आधी एक डोळा, आत्तू. मग नाक. मग एकच शब्द. जास्त बोलायचं नाही, जास्त बोललं की चुकतं. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. (तिथल्या तिथे हेही लक्षात आलं की तो मला जे शिकवत होता ते तिचं होतं. पण शिकवत मला होता. दीप्तीला नाही.)

गेल्या रविवारी बारसं झालं. तुझा गुडघा, म्हणून तू आली नाहीस, त्याबद्दल आईने एकदा आणि मी बऱ्याच वेळा हळहळून घेतलं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. दीप्तीने खोलीत पताका लावल्या होत्या आणि लावताना वॉचमनला शिडी धरायला लावली होती. बायकांनी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं, पाळणा म्हटला, आणि मग आईने मला पुढे ढकललं. मी बाळाच्या कानाशी वाकले. आत्याने कुर्रर्र केलं की बायका तिच्या पाठीत बुक्के मारतात, ते तुला माहीतच आहे. वनमालाकाकूंनी चाळ पाडल्याचा सगळा राग काढला. दीप्तीने मात्र नुसती बोटं टेकवली, अगदी हलकी. त्याचाही मला राग आला. मग मी उभी राहिले, कोणीतरी मोबाइल वर धरला, आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"नाव सांग गं," असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी दुसरं म्हणालं, "विसरली वाटतं." शेजारीच दीप्ती उभी आहे, आता वहिनी तिला पुढे करणार, हेही डोळे मिटून स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात खालून, पाळण्याच्या पायाजवळून, अनयचा आवाज आला. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. जो मुलगा पाहुण्यांसमोर ओढणीबाहेर येत नाही, तो. "आत्तू, एक डोळा." मी एक डोळा उघडला. तो समोरच उभा होता. "नाक." मी मान वर केली. "आता एकच शब्द बोल."

मी एकच शब्द बोलले. मी म्हटलं, "खवली."

मग वनमालाकाकू म्हणाल्या, "खवली? हे कुठलं नवीन?" मागून एक बाई म्हणाल्या, संस्कृत असेल, हल्ली अशीच ठेवतात. तिसरीने मोबाइलवर अर्थ शोधायला घेतला. वहिनीच्या आईने वहिनीकडे पाहिलं, आईने देवाकडे पाहिलं. वहिनी पदर तोंडाला लावून थरथरत होती. मला वाटलं रडते आहे, तर ती म्हणत होती, "हसवू नका गं, टाके दुखतात." आणि तेव्हा दीप्ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात, अगदी सहज म्हणाली, "यांच्याकडे आधी घरातलं नाव सांगतात, कागदावरचं मग. हं श्रुती, आता कागदावरचं." मी म्हटलं, "इरावती." ते निघालं, कारण त्यानंतर आणखी काही चुकायचं शिल्लक नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वनमालाकाकू म्हणाल्या, कोकणात असते अशी पद्धत, माझ्या माहेरी पण होती. (त्यांचं माहेर नाशिकला.) टाळ्या थांबल्यावर मला दिसलं की माझ्या दोन्ही हातांत अनयच्या नव्या कुडत्याचं टोक आहे आणि मी ते पार चुरगाळून टाकलं आहे. तो हलला नव्हता.

आता घरात, इमारतीत, पार वॉचमनपर्यंत, बाळाला सगळे खवली म्हणतात. इरावती फक्त पालिकेला माहीत आहे. आणि अनयचं रांगणं थांबलं. बाळ बघायला कोणी आलं की तो स्वतः दार उघडतो आणि सांगतो, हिचं नाव माझ्या पुस्तकातलं आहे, मी आत्तूला सांगितलं, आत्तूने हिला सांगितलं. ज्याच्या पुस्तकातलं नाव, त्याचं बाळ, असा त्याचा हिशोब आहे. दवाखान्यात परत द्यायचा विषय निघत नाही. परवा वनमालाकाकू पुन्हा म्हणाल्या, आता तुला कोण विचारणार. तो म्हणाला, खवली विचारणार, तिला बोलता आलं की. आता हे सगळं दीप्तीच्या पुस्तकाने झालं की माझ्या चुकीने झालं, असा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून निघतो. सगळे म्हणतात पुस्तकाने. दीप्ती म्हणते, "छे, श्रुतीमुळे." तिने असं म्हटलं की मला पुस्तकाची बाजू घ्यावी लागते. म्हणून तुला इथे खासगीत सांगते की माझ्या चुकीने झालं.

ओढणी मी अजून घेते. परवा त्याने तिच्यात लपायच्याऐवजी तिला नाक पुसलं. तेही मी जमेस धरते.

बाकी काही विशेष नाही. गुडघ्याला जप, वानरांना दगड मारताना तोल सांभाळ. आई-बाबांचा, दादा-वहिनीचा नमस्कार. अनयचा पापा. खवलीचा अंगठा.

तुझी,
श्रुतिका

ता. क. एक विचारायचं राहिलं. बारशाच्या दिवशी घुगऱ्या खाताना मी कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते, तेव्हा बाबा म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्या घरच्या आत्या सगळ्या अशाच. ते म्हणाले की माझ्या बारशाला पण तुझा घसा असाच बसला होता, सगळी चाळ तुझ्याकडे बघत होती, आणि शेजारच्या खोलीत रेडिओवर नाटक लागायचं होतं, त्यातली बाई म्हणाली, आता ऐका श्रुतिका. आणि तू तेच म्हणालीस. हे खरं आहे का? मला बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी शाळेत शंभरदा सांगितलं आहे की माझ्या आत्याने खूप विचार करून हे नाव ठेवलं. खरं असलं तर मला अजिबात वाईट वाटणार नाही, उलट फार बरं वाटेल. मात्र बाबांना विचारलं, की मग ठरलेलं नाव काय होतं. ते म्हणाले, दीप्ती.

ता. क. २. म्हणजे आत्या, नावसुद्धा तिच्याकडे गेलं.

ता. क. ३. वहिनी आत्ताच तिसऱ्यांदा डोकावून गेली, म्हणून पत्राचं कारण लिहिते. तुझ्या गावच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या शाळांत गोष्टी वाचून दाखवायला दीप्ती पुढच्या आठवड्यात तिकडे येते आहे. तिची चार दिवस तुझ्याकडे राहायची सोय होईल का? मी वहिनीला सांगितलं की आत्याचा गुडघा दुखतो. वहिनी म्हणाली, मग तर बरंच, दीप्ती पाणी भरेल. हे पत्र तीच घेऊन येणार आहे, त्यामुळे तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्या खळ्यात उभी असेल आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस. पाकीट मी दोनदा डिंकाने चिकटवलं आहे. ती उघडणारी नाही, पण मी चिकटवणारी आहे.

ता. क. ४. तिला सगळं खाऊ घाल. कुळथाची पिठी कर, मासे कर, तिला काटे काढायला येतात. गोठ्यामागची जागा दाखव, तिला तुझ्या खवले मांजराचं फार कौतुक आहे. ती दुसऱ्यांदा भात मागेल, तेव्हा तुला ती आवडेल, हे मला माहीत आहे. आवडू दे. फक्त जेवून उठल्यावर तिला हात पुसायला टॉवेल दे. तू बोलण्याच्या नादात पदर पुढे करतेस. तो करू नकोस. तो माझा आहे.